घरात दोन भाषा आणि बाळ बोलायला लागतंय: नव्या आईबाबांनी कुठून सुरुवात करायची

घरात आई एक भाषा बोलते, बाबा दुसरी, नाहीतर घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळं वेगळंच, आणि बाळ आता वर्षाचं व्हायला आलंय. मग डोक्यात सुरू होतं की हे कधी बोलणार, कुठल्या भाषेत बोलणार, गोंधळून तर नाही ना जाणार. सल्ले तर न मागता येतातच. त्यातला सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे "आधी एकच भाषा पक्की होऊ द्या, दुसरीचं नंतर बघू". माझं मत याच्या बरोब्बर उलट आहे, तेव्हा तुम्हाला हाच सल्ला पटलेला असेल तर पुढे वाचताना थोडी चिडचिड होईल हे आधीच सांगून ठेवते.

दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हे खरं नाही. पहिला शब्द, मग दोन शब्द जोडणं, हे टप्पे दोन भाषा ऐकणारी मुलंही साधारण त्याच वयात गाठतात ज्या वयात एक भाषा ऐकणारी गाठतात, म्हणजे कोणी लवकर, कोणी आरामात. आणि "नंतर बघू" मधलं नंतर सहसा येतच नाही, कारण तोवर घरात मोठी भाषा, म्हणजे बाहेर सगळे बोलतात ती, सेट झालेली असते.

१. कोण कोणती भाषा बोलणार ते आधी ठरवून टाका

नेटवर शोधलंत की पहिल्यांदा भेटते ती "एक व्यक्ती, एक भाषा" पद्धत. आई बाळाशी कायम तिच्या भाषेत, बाबा कायम त्याच्या भाषेत. ही काही नवीन आयडिया नाही, ज्यूल रोंजा नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञाने १९१३ मध्ये आपल्या लुई नावाच्या मुलाबद्दल लिहिलं होतं, तो लुईशी फ्रेंच बोलायचा, बायको जर्मन बोलायची, आणि पोरगं दोन्ही भाषा मस्त शिकलं. तेव्हापासून लोक ही पद्धत नियमासारखी पाळतात. वाईट अजिबात नाही, पण पुरेशी असेलच असं नाही.

बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात अ‍ॅनिक दे हाउवर यांनी जवळपास १९०० कुटुंबांची माहिती गोळा केली, २००७ मध्ये ती छापून आली. घरात आईबाबांपैकी निदान एकजण तरी डच सोडून दुसरी भाषा बोलणारा. तरीही साधारण पाव घरांमधली मुलं ती दुसरी भाषा बोलत नव्हती, फक्त डच. जिथे आईबाबा दोघंही घरात ती छोटी भाषा बोलायचे तिथे जवळपास सगळी मुलं ती बोलत होती, आणि जिथे एकाने ही आणि एकाने ती असं वाटून घेतलेलं होतं तिथे साधारण चारातली तीन.

म्हणून माझा नियम सोपा आहे, बाहेरचं जग जी भाषा फुकट देणारे तिची काळजी करू नका, जी देणार नाहीये ती घराने द्यायची. दोघांनाही ती भाषा येत असेल तर घरात दोघांनी तीच बोला. एकालाच येत असेल तर त्याने ठामपणे तीच बोलायची, आणि दुसऱ्याने निदान एवढं करायचं की ती भाषा ऐकून तोंड वाकडं करायचं नाही आणि बाळाबरोबर आपणही थोडी थोडी शिकायची. "तुम्ही दोघं काय बोलता मला कळत नाही" हे वाक्य घरात रोज यायला लागलं की मराठी बोलणारा आपोआप गप्प होतो, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय, त्यामुळे हा विषय नवराबायकोत बाळाच्या आधी बोलून घ्या.

आणखी एक, जी भाषा तुम्हाला मनापासून येते ती बोला. राग, लाड, गंमत, चिडवाचिडवी हे सगळं ज्या भाषेत आपोआप तोंडातून येतं ती. पुढे शाळेत उपयोग होईल म्हणून ओढूनताणून तिसऱ्याच भाषेत बाळाशी बोलायचं आणि मग चार वाक्यांत गाडी संपते, त्यात बाळाचा काही फायदा नाही.

२. शब्द यायच्या आधीचं वर्ष

बाळ बोलत नाहीये म्हणजे काही चालू नाहीये असं नका समजू. उलट कानाचं बरंच काम याच वर्षात होतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा एक प्रयोग आहे आणि तो आपल्याला तर लगेच कळेल, कारण त्यात हिंदीतले त आणि ट होते. इंग्रजी घरातली ६ ते ८ महिन्यांची बाळं हे दोन आवाज वेगळे ओळखायची, पण १० ते १२ महिन्यांची झाल्यावर त्यांना तो फरक ऐकूच येईनासा झाला, कारण इंग्रजीत त्या फरकाला काही किंमत नाही. म्हणजे रोज जे कानावर पडतंय त्याप्रमाणे कान तयार होत जातो. नंतर शिकता येत नाही असं नाही, पण या वयात जे आयतं मिळतं ते पुढे मेहनत करून मिळवावं लागतं.

मग काहीजण म्हणतील, ठीक आहे, मराठी गाणी लावून ठेवतो दिवसभर. नाही हो. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ९ महिन्यांच्या बाळांवर हे करून बघितलं. काही बाळांशी मँडरिन चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं दाखवली, अशा १२ बैठका झाल्या आणि ती बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला लागली. तेवढाच वेळ तेच सगळं टीव्हीवर दाखवलेल्या किंवा नुसतं ऐकवलेल्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही. समोर माणूस लागतो, बाळाच्या डोळ्यात बघणारा, त्याने हुं केलं की हुं करणारा.

करायचं काय तर, बाळाच्या चेहऱ्यासमोर आपला चेहरा आणून बोला, पाठमोरं किंवा मोबाईलमध्ये बघत नाही. दोन भाषा ऐकणारी बाळं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त वेळ बघतात असं आढळलंय, बहुतेक ओठांवरून जास्तीची माहिती घेत असावीत, मग ते ओठ त्यांना दिसू तरी द्या. जे करताय ते बोलत राहा, "आता आपण मोजे घालूया, हा एक पाय, दुसरा कुठे गेला?" सुरात, ओढून, लाडाने बोला, त्याची लाज नको, त्या सुरामुळेच बाळाचं लक्ष टिकतं. भूर, जोजो, हम्मा, चिऊ, काऊ, सगळं चालतं. आणि बोलून झालं की थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. बाळ बाबाबा करेल, पाय हलवेल, काहीतरी करेल, ते त्याचं उत्तर समजून परत बोला. बडबड करणाऱ्या आईबाबांना (मी त्यातलीच) हे थांबणं सगळ्यात जड जातं.

३. पहिले शब्द: वही काढा आणि दोन रकाने आखा

इथेच सगळ्यात जास्त घाबरगुंडी होते, कारण शेजारचं मूल अमुक शब्द बोलतं आणि आपलं तेवढे बोलत नाही. आधी मोजायचं कसं ते बघू.

शब्द कशाला म्हणायचं? बाळ तोच आवाज, त्याच गोष्टीसाठी, स्वतःहून, पुन्हापुन्हा वापरतंय तर तो शब्द. उच्चार बोबडा असला तरी चालतो. कुत्र्याला दर वेळी भूभू म्हणतंय तर तो शब्द झाला. तुमच्यामागून पोपटासारखं एकदा म्हटलं आणि परत कधी नाही, तर अजून मोजू नका.

आता एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात दुसरी भाषा. समजा मराठीत १८ शब्द, दुसऱ्या भाषेत १४, आणि त्यातल्या ६ गोष्टींना दोन्हीकडे नाव आहे. तर एकूण शब्द झाले ३२, आणि बाळाला नाव माहीत असलेल्या गोष्टी झाल्या २६. बघायचे ते हे आकडे. नुसते मराठीतले १८ धरून एक भाषा बोलणाऱ्या मुलाशी तुलना केली तर बाळ मागे दिसणारच, आणि नेमकी हीच तुलना सगळे करतात, कधीकधी तपासणाऱ्या लोकांकडूनही होते. म्हणून ती वही जपून ठेवा.

अंदाजासाठी, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२२ मध्ये सुधारलेल्या यादीत असं आहे की १५ महिन्यांना मामा दादा (म्हणजे त्यांचे आई, बाबा) सोडून एखाददुसरा शब्द बोलायचा प्रयत्न, १८ महिन्यांना तीन किंवा जास्त, २ वर्षांना दोन शब्द जोडून, आणि अडीच वर्षांना साधारण ५० शब्द. बहुतेक मुलं त्या वयापर्यंत हे करतात अशा हिशोबाची ती यादी आहे. आणि बोलण्यापेक्षा समजणं कायम पुढे असतं, "चप्पल आण" म्हटल्यावर चप्पल येतेय ना, मग आत भरपूर साठलंय.

दोन्ही भाषा समान यायला पाहिजेत हा हट्ट मात्र सोडा. ज्या भाषेत अंघोळ होते त्या भाषेत अंघोळीचे शब्द येणार, ज्या भाषेत बागेत जाणं होतं त्या भाषेत झोक्याचे. मोठ्या माणसांचंही असंच असतं, ऑफिसचं भांडण एका भाषेत आणि घरचं दुसऱ्या.

४. खिचडी झाली तर

"बाबा, बॉल पडला, पिक अप कर." झालं, लगेच कोणीतरी म्हणणार, बघा गोंधळला. गोंधळ वगैरे काही नाही, जो शब्द हाताशी आहे तो वापरून मूल काम भागवतंय. कॅनडामध्ये इंग्रजी-फ्रेंच घरांतल्या दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांचा अभ्यास झाला होता, १९९५ मध्ये फ्रेड जेनेसी आणि सहकाऱ्यांचा, त्यात मुलं सरमिसळ करत होती तरी आईशी आईची भाषा जास्त आणि बाबाशी बाबाची जास्त वापरत होती. म्हणजे कोणाशी काय बोलायचं हे त्या वयातही कळत असतं. आणि आपण तरी कुठे शुद्ध बोलतो, हा लेखच बघा.

पण एका ठिकाणी मी जरा कडक आहे. आपल्या मराठीत एक सवय घुसलीय, बाहेरचा शब्द घ्यायचा आणि त्याला "कर" लावायचं. दार ओपन कर, हात वॉश कर, कागद फोल्ड कर, हे कट कर, ते क्लीन कर, टॉइज पिक कर. मोठ्यांत चालून जातं कारण आपल्याला मूळ क्रियापदं माहीत असतात. बाळ मात्र यातून मराठीचं एकच क्रियापद शिकतं, ते म्हणजे कर. मग चार वर्षांचं झाल्यावर लक्षात येतं की याला मराठी येतं असं वाटतंय पण उघड, धू, पूस, काप, सोल, घडी घाल, उचल, ओत, सांड, खरवड, वाळत घाल यातलं काहीच येत नाही. वस्तूंची नावं नंतरही पटकन जोडता येतात, टेबलाला टेबल म्हणा काय बिघडत नाही. क्रियापदांवर जोर द्या. एक आठवडा मुद्दाम कान देऊन ऐका की तुम्ही स्वतः दिवसभरात "कर" किती वेळा लावता, आणि रोजच्या कामातली दहाबारा क्रियापदं निवडून तीच हात चालवताना बोला. कपड्यांच्या घड्या घालताना, झाडांना पाणी घालताना, पसारा आवरताना. हाताने होणारं काम आणि त्याचं क्रियापद एकदम मिळालं की ते पक्कं बसतं.

व्याकरणाचं काय? तो, ती, ते मध्ये गडबड होणारच. "चेंडू आली" म्हणालं तर "आली नाही, आला म्हण" असं करू नका, नुसतं "हो की, चेंडू आला! कुठून आला?" म्हणा आणि पुढे चला. बरोबर रूप कानावर पडलं, खेळही मोडला नाही. मुलगा "मी आले", "मी पडले" म्हणत असेल तर तो दिवसभर आईबरोबर असतो एवढाच त्याचा अर्थ, एकच भाषा असलेल्या मराठी घरांतही हे होतं आणि आपोआप सुटतं, तेव्हा त्याचं खापर दुसऱ्या भाषेवर फोडू नका. र आणि ळ सारखे आवाज उशिरा बसतात, तेही तसंच.

५. तुम्ही मराठीत विचारता आणि उत्तर दुसऱ्याच भाषेत येतं

हे बहुतेक घरांत होतं आणि इथेच बरेचजण हार मानतात. एलिझाबेथ लांझा यांनी नॉर्वेमधल्या इंग्रजी-नॉर्वेजियन घरांत आईबाबा अशा वेळी काय करतात ते बारकाईने बघितलं होतं आणि त्याच्या पायऱ्या मांडल्या. एका टोकाला "मला कळलं नाही, काय म्हणालास?" मग "अच्छा, तुला चेंडू हवाय का?" असं आपल्या भाषेत अंदाज लावून विचारणं, मग त्याचंच बोलणं आपल्या भाषेत नुसतं म्हणून दाखवणं, मग काहीच न म्हणता गप्पा पुढे नेणं, आणि दुसऱ्या टोकाला स्वतःच मुलाच्या भाषेत घसरणं. पहिल्या टोकाकडे राहिलं तर मुलाला तुमची भाषा बोलण्याची गरज वाटते, शेवटच्या टोकाला ती गरजच संपते.

माझं म्हणाल तर अगदी लहान मुलाशी मधल्या पायऱ्या बऱ्या. त्याने दुसऱ्या भाषेत पाणी मागितलं तर "पाणी हवंय? गार की कोमट?" म्हणून द्या, शब्दासाठी अडवून ठेवू नका. कळलं नाही असं नाटक करायचं तर हसतखेळत, मूल रडत असताना, दमलेलं असताना, पडून लागलेलं असताना कधीच नाही. तुम्ही मात्र भाषा बदलू नका. त्याने बदलली तरी तुम्ही मराठीतच.

गरज तयार करायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे अशी माणसं ज्यांना फक्त तीच भाषा कळते. आजीआजोबा लांब असतील तर व्हिडिओ कॉल. वर मी टीव्हीचा उपयोग नाही म्हटलं, पण कॉल वेगळा, २०१४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं रेकॉर्डेड व्हिडिओवरून नवीन क्रियापदं शिकली नाहीत, समोरच्या माणसाशी लाइव्ह व्हिडिओवर बोलून मात्र शिकली, कारण पलीकडचा माणूस त्यांना उत्तर देत होता. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांच्यांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको असं सांगितलंय, तर तो तास कार्टूनपेक्षा आजीवर खर्च झालेला बरा.

फक्त कॉलची परीक्षा करू नका. "आजीला सांग काय काय येतं, बोल ना, काल तर बोलत होतास" हे सुरू झालं की मूल पळून जातं आणि आजीचा पण हिरमोड. त्यापेक्षा दोन्हीकडे सारखी वस्तू असू द्या, एक एक चमचा, एक एक रुमाल, आजीने तोंडावर रुमाल घेतला की याने घ्यायचा. पाच मिनिटं पुरे, पण परत परत.

६. डेकेअर सुरू झालं की

नवीन भाषेच्या डेकेअरमध्ये घातल्यावर काही मुलं तिथे आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने, अजिबात बोलत नाहीत. बघतात, ऐकतात, खाणाखुणा करतात, आणि घरी येऊन तोंडाचा पट्टा चालू. हा शांत काळ नेहमीचा आहे. तिथल्या ताईंना तुमच्या भाषेतले आठदहा शब्द त्यांच्या लिपीत लिहून द्या: शू, शी, पाणी, दुखतंय, झोप, नको, आई येईल. मूल रडत असताना "आई येईल" हे त्याच्या भाषेत ऐकलं की फरक पडतो.

दुसरी बाजू अशी की काही महिन्यांत डेकेअरची भाषा घरात घुसते, भावंडं असतील तर आपापसात तीच सुरू करतात. इथून पुढे मराठीचा वेळ मुद्दाम काढावा लागतो, झोपताना पुस्तक, अंघोळ, चालत जाताना गप्पा. पुस्तक वाचताना अक्षरन्‌अक्षर वाचायची गरज नाही, चित्रावर बोट ठेवून "हा का रडतोय?" विचारा. दुसऱ्या भाषेतलं पुस्तक मराठीतून सांगितलं तरी चालतं.

७. कधी दाखवायचं

आता थोडं गंभीर. दोन भाषा आहेत म्हणून उशीर होत असेल, थांबू अजून, असं म्हणून वेळ घालवू नका. १२ महिन्यांपर्यंत बडबड नाही किंवा बोट दाखवणं, टाटा करणं असल्या खुणा नाहीत, १६ महिन्यांपर्यंत कुठल्याच भाषेत एकही शब्द नाही, २ वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा कुठल्याही वयात आधी येत असलेले शब्द बंद झाले, तर डॉक्टरांना दाखवा. भाषा एक असो की तीन, हे निकष तेच.

सगळ्यात आधी कानाची तपासणी. जन्मल्यावर झाली होती आणि पास होती तरीही, कारण नंतर सर्दी, कानात पाणी साठणं यामुळे ऐकू येणं कमी झालेलं असू शकतं. जाताना ती दोन रकान्यांची वही न्या, आणि मूल घरी खेळताना बोलतंय असे दोनतीन छोटे व्हिडिओ, कारण तिथे गेल्यावर ते तोंड उघडेलच असं नाही. स्पीच थेरपिस्टने दोन्ही भाषांबद्दल विचारलं पाहिजे. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, एकाच भाषेत कमी पडतंय तर बहुतेक वेळा ती भाषा कमी ऐकली जातेय एवढंच असतं.

"एक भाषा बंद करा" असं कोणी सांगितलं तर शांतपणे का म्हणून विचारा, आणि दुसरं मत घ्या. डाउन सिंड्रोम असलेली, ऑटिझम असलेली मुलंही दोन भाषा शिकतात असं अभ्यासांत दिसलंय. शिवाय आई ज्या भाषेत मोकळी होते तीच बंद केली तर त्या मुलाशी बोलणं एकंदरीतच कमी होतं.

दोन ते चार वर्षांच्या वयात बरीच मुलं "म म मला" असं अडखळतात, तेही दोन भाषांमुळे नाही. वाक्य तुम्ही पुरं करू नका, "हळू बोल" म्हणू नका, त्याचं होईपर्यंत बघत थांबा. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, किंवा बोलताना चेहरा आवळतोय, डोळे मिटतोय, बोलणंच टाळतोय असं दिसलं तर मात्र थेरपिस्टची वेळ घ्या, आणि ती मिळायला उशीर लागतो म्हणून शंका आली त्याच आठवड्यात फोन करा, नंतर सगळं ठीक झालं तर अपॉइंटमेंट रद्द करता येते.